'ब्लॉकिंग पोर्ट'ला मराठीत काय म्हणावं?

ऐरोलीकर:
महापे एमआयडीसीतल्या तंत्रज्ञांसाठी नेटवर्क स्विचच्या (संगणकांच्या केबली जोडणाऱ्या पेटीच्या) सेटिंगची मराठी पुस्तिका करतोय. मल्टिपल स्पॅनिंग ट्रीच्या, म्हणजे डेटा गोल फिरत राहू नये म्हणून स्विचमधल्या जादा वाटा अडवणाऱ्या पद्धतीच्या, प्रकरणात अडलो. असा अडवून ठेवलेला पोर्ट म्हणजे ब्लॉकिंग पोर्ट. ब्लॉकिंग पोर्टला 'बंद पोर्ट' लिहिलं, तर कच्चा खर्डा वाचून एकाने ती केबल बिनकामाची समजून काढूनच ठेवली. पर्यायी वाट तीच होती! दुसरा शब्द सुचवा.

नौपाडकर:
बंद म्हणजे शटडाउन. ब्लॉकिंग पोर्टवर बीपीडीयू (स्विच एकमेकांना पाठवतात ते नियंत्रणाचे संदेश) येतच असतात, फक्त डेटा पुढे जात नाही. 'अवरुद्ध' लिहा.

वाशीवाली:
अवरुद्ध कोण बोलतं हो? रात्रपाळीला रॅकसमोर उभा असलेला मुलगा "पोर्ट ब्लॉकला आहे" म्हणतो. तेच छापा.

ऐरोलीकर:
नुसतं 'ब्लॉक'नेही भागत नाही. व्हीलॅन (एकाच जाळ्याचे आभासी भाग) १० ते १९ इन्स्टन्स १ मध्ये, म्हणजे पहिल्या ट्रीत, २० ते २९ इन्स्टन्स २ मध्ये. पहिल्याचा रूट (जिथून ट्री सुरू होतं तो) एक कोअर, म्हणजे मुख्य, स्विच, दुसऱ्याचा दुसरा. त्यासाठी दोघांची आपापल्या इन्स्टन्समधली प्रायॉरिटी ३२७६८ वरून ४०९६ वर आणलेली; आकडा सर्वांत लहान तो रूट. त्यामुळे खालच्या स्विचचा तोच पोर्ट १ साठी अडलेला आणि २ साठी वाहता. दोन्ही लिंक वापरात याव्यात म्हणून तर हा खटाटोप!

घणसोलीकर:
मग 'राखीव' म्हणा. राखणे हे 'रक्ष्'वरून आलं. मुख्य लिंक तुटली की हाच कामाला येतो.

नौपाडकर:
ते भूमिकेचं नाव झालं, स्थितीचं नव्हे. अल्टरनेट ही भूमिका, डिस्कार्डिंग ही स्थिती. रॅपिड स्पॅनिंग ट्री ही वेगवान पद्धत आल्यापासून मानकात 'ब्लॉकिंग' उरलेलंच नाही. आलेली फ्रेम (डेटाचं पाकीट) टाकून देतो, म्हणून 'त्यागी'?

वाशीवाली:
पोर्टला त्यागी म्हणवत नाही मला. इन्स्टन्सला काय लिहिलंत? एका भाषांतरात 'उदाहरण १' वाचलंय मी.

ऐरोलीकर:
'वृक्ष १', 'वृक्ष २'.

घणसोलीकर:
सरळ 'झाड' म्हणा की. वडासारखं पसरलेलं.

नौपाडकर:
वड मुळीच नको! पारंबी जमिनीत रुजली की मुळाकडे जायला दुसरी वाट झाली, म्हणजे फेरा. तोच तर मोडायचा असतो. इथरनेट फ्रेमला टीटीएल, म्हणजे किती टप्प्यांनंतर मरायचं याची मर्यादा, नाही. फेऱ्यात सापडलेली ब्रॉडकास्ट (सगळ्यांना पाठवलेली फ्रेम) फिरतच राहते.

वाशीवाली:
'फेरा' आवडला. चौऱ्यांशीच्या फेऱ्यासारखा, आपोआप न सुटणारा. पण फोनवर सगळे "लूप लागलाय" असंच ओरडतात.

घणसोलीकर:
'लागलाय'च का? आग लागते, नाट लागते, तसा लूप लागतो. क्रियापद अस्सल मराठी असेल तर नाम परकं चालतं.

नौपाडकर:
नाही चालत. उद्या 'व्हीलॅन'ला 'आभासी जाळं' म्हणायचीही लाज वाटेल.

ऐरोलीकर:
रीजनचं (एकच वाटणी पाळणाऱ्या स्विचच्या गटाचं) नाव, त्या सेटिंगचा रिव्हिजन क्रमांक आणि व्हीलॅनची वाटणी सगळ्या स्विचवर तंतोतंत जुळली तरच एक रीजन होतो, असं वाक्य आहे. रिव्हिजनला 'आवृत्ती' लिहिलं तर सॉफ्टवेअरची आवृत्ती समजतील का? आणि माझा पोर्ट अजून लटकलेलाच आहे, मंडळी.

घणसोलीकर:
'लटकलेला' पण वाईट नाही!