जबड्याचा सांधा दुखतोय, स्प्लिंट मऊ की कडक?

राजवाडाकर (इंदूर): सकाळी उठल्यावर डाव्या कानापुढे ठणकतं, जांभई देताना कट्ट आवाज येतो. झोपेत दात आवळले जातात म्हणून डॉक्टरांनी मऊ स्प्लिंट (दातांवर बसवायचं आवरण) दिलं, पण ते लावून झोपलं की गाल जास्तच जड होतात. कडक करून घ्यावं का? की ऑनलाइन मिळणारं, गरम पाण्यात मऊ करून चावायचं ते चालेल?

सुळा: मऊ स्प्लिंट काहींना मानवतं, पण काही जण ते रात्रभर चघळत बसतात आणि गालाचे स्नायू आणखी दमतात. अशांना वरच्या सगळ्या दातांवर बसणारं कडक अ‍ॅक्रिलिकचं बरं. दाढांपाशी जाडी साधारण २ मिमी.

खरी मेहनत पुढे, ते घासून जुळवण्यात. आर्टिक्युलेटिंग पेपर (दात टेकतात तिथे खूण उमटवणारा रंगीत कागद) चावला की दोन्हीकडच्या दाढांचे ठिपके सारखे उमटायला हवेत. जबडा बाजूला सरकवला की रेघ फक्त सुळ्याची. एकट्या शेवटच्या दाढेवर गडद डाग आला तर ते स्प्लिंट दुखणं वाढवणार. खुर्चीत आडवं पडून तपासलं असेल तर ताठ बसूनही तपासायला सांगा, ठिपके बदलतात. स्नायू सैल झाले की चावाही बदलतो, म्हणून एक-दोन आठवड्यांनी पुन्हा जावंच लागतं. घरी कानस लावू नका.

दाढदुखी: गरम पाण्यातलं नको, त्याची उंची दोन्हीकडे सारखी येत नाही. फक्त पुढच्या दातांवर बसणारंही देखरेखीशिवाय महिनोन्‌महिने वापरू नका. मागच्या दाढा वाढतात आणि मग पुढचे दात एकमेकांना टेकेनासे होतात. धुवायला गार पाणी, मऊ ब्रश. उकळत्या पाण्यात अ‍ॅक्रिलिक वाकतं.

आणि दुखणं थांबवायला कोणी आधीच खरे दात यंत्राने झिजवून चावा बदलायचं म्हणालं, तर दुसरं मत घ्या. झिजवलेला दात परत येत नाही.

राजवाडाकर: दिवसा काय करायचं?

सुळा: ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला. पंधरा-वीस मिनिटं कोमट शेक. सराफ्यात, म्हणजे तुमच्या इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, गेलात तर भुट्ट्याचा कीस खुशाल खा, कडक शेव आणि कुरकुरीत गराडू (तळलेला कंद) सध्या राहू द्या. नुसत्या कट्ट आवाजाला, दुखत नसेल तर, उपचार लागत नाही. मात्र तोंड अचानक दोन बोटंही उघडेना झालं तर लगेच दाखवा.

मऊ स्प्लिंट टाकून देऊ नका, सोबत न्या. चावल्याच्या खुणा कुठे खोल पडल्यात, ते त्यावर दिसतं.