मासळीच्या जुन्या पिकअपवर ४० हजारांत आधी काय करावं?

मिरकरवाडा_भाडं:
२०११ची बोलेरो पिकअप आहे, २५२३ सीसी इंजिन. वर्षभर रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून बर्फातली मासळी आंबा घाटाने कोल्हापूरला, एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्या. हौदा (मागचा माल भरायचा भाग) कोपऱ्यांत कुजलाय, माल भरला की गाडी मागून बसते, घाट चढताना टेंपरेचरचा काटा वर सरकतो. हाताशी ४० हजार. मागे दोन पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) जादा, हौद्यात चेकर प्लेट (उठावाच्या नक्षीचा पत्रा) आणि उरले तर रेडिएटर, असा विचार आहे. क्रम बरोबर आहे का?

चासीवाला:
नाही दादा, चेकर प्लेट सगळ्यात शेवटी. कुजक्या पत्र्यावर नवी प्लेट ठोकली की मधल्या फटीत खारं पाणी अडकतं आणि खालचा पत्रा दिसेनासा होऊन कुजतो. अॅल्युमिनियमची प्लेट तर लोखंडावर थेट बसवूच नका. खाऱ्या पाण्यात दोन धातू एकमेकांना लागले की झीज खूप जोरात होते.

आधी हौदा उचलून चासी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) बघा. हौद्याच्या रबर पॅडखाली, मागच्या शॅकलजवळ (पाट्याचं टोक चासीला जोडणारी कडी) आणि ब्रेकच्या लोखंडी पाइपांच्या क्लिपांखाली हातोडीने हलकं ठोका. आवाज बद्द आला किंवा पापुद्रे सुटले तर तिथे काम आहे. क्लिपखाली गंजलेला ब्रेक पाइप लगेच बदला, तो घाट उतरताना फुटतो.

गंज काढायची रीत: गोड्या पाण्याने दोनदा धुवा, पूर्ण सुकू द्या, वायर ब्रश मारा, मग फॉस्फोरिक अॅसिडवालं रस्ट कन्व्हर्टर, त्यावर झिंक फॉस्फेट प्रायमर आणि इपॉक्सी पेंट. मीठ आत राहिलं तर वरचा रंग काही महिन्यांत फुगतो. हे काम पावसाआधी, कोरड्या हवेतच करा. चासीच्या पोकळीत भोकांतून मेणाचा स्प्रे मारा. डांबरी कोटिंग गंजावर मारू नका, ते ओल आत कोंडतं.

चासीला वेल्डिंग लागलंच तर वरच्या-खालच्या फ्लँजला (आडव्या कडांना) हात लावू नका, पट्टी उभ्या बाजूवर तिरक्या टोकांची लावा. वेल्डिंगआधी बॅटरीची मायनस वायर आणि अल्टरनेटरचं कनेक्शन सोडा.

बर्फाचं पाणी चासीवर आणि रस्त्यावर पडता कामा नये. हौद्याच्या मागच्या कोपऱ्यात निचरा, तिथून पाइप आणि खाली कॉकवाली टाकी. या पाण्यावरून मागचे दुचाकीवाले घसरून पडतात.

घाटमाथा:
जादा पाटे टाकण्याआधी मोडलेला किंवा सपाट झालेला पाटा शोधा. बहुतेकदा तोच बदलून भागतं. पाट्यांचा पॅक उघडलाच आहे तर ग्राफाइट ग्रीस लावा आणि पाटे अॅक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवेच घ्या, आडवे-तिडवे आवळा आणि लोडसह ५०० किमी झाल्यावर परत आवळा. ढिला यू-बोल्ट राहिला की पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट कापला जातो.

मागच्या अॅक्सलला लोडप्रमाणे ब्रेक वाटणारा व्हॉल्व असेल तर त्याचा दांडा नीट सेट करा. पाटे वाढवून गाडी उचलली की व्हॉल्व ती रिकामी समजतो आणि भरल्या गाडीचे मागचे ब्रेक कमी लागतात. उतारावर पुढचे ब्रेक पेटतात, ते यामुळेही. आंबा घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरायचा, न्यूट्रल कधीच नाही.

मिरकरवाडा_भाडं:
टेंपरेचरच्या काट्याचं काय? एक मिस्त्री थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडचं पाणी अडवणारा व्हॉल्व) काढून टाक म्हणतो.

घाटमाथा:
काढू नका. थंड इंजिन डिझेल जास्त खातं आणि लायनर (सिलिंडरची आतली नळी) झिजतो. रेडिएटरच्या फिन्स (जाळीतल्या पातळ पत्र्या) बोटाने चुरगळून बघा. भुगा होत असेल तर खारी हवा लागलीय, कोर (आतली जाळी) बदला. झाकणाचं रबर आणि फॅनचा बेल्टही बघा. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. विहिरीचं पाणी घालू नका, आत थर धरतो.

खाडीकाठ:
गंज लागू नये म्हणून जळकं ऑइल खालून फवारायची पद्धत सगळीकडे आहे, पण त्याने रबर बुश फुगतात आणि ते ब्रेकच्या ड्रमवरही उडतं.

आणि एक. हौदा वेगळ्या मापाचा किंवा बंद पेटीचा करणार असाल तर आधी आरटीओची परवानगी घ्या, नोंदणीत बदल न दाखवता रचना बदलता येत नाही. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला फिटनेस दरवर्षी लागतं, ब्रेक आणि चासी तिथे बघितलीच जाते. म्हणून ४० हजारांतले पहिले पैसे ब्रेक पाइप आणि चासीला, मग रेडिएटर, मग पाटे. उरलेल्यात कोपरे कापून नवा पत्रा लावा, पूर्ण हौदा पुढच्या हंगामात.