जीवाश्म नसलेल्या बेसाल्टचे वय सागरी जीवाश्मांवरून कसे ठरते?

प्रश्न
नमस्कार. ब्रह्मगिरी आणि अंजनेरीपासून पांडवलेण्यांपर्यंत नाशिकचा सारा परिसर लाव्हाच्या थरांचा आहे. या बेसाल्टमध्ये जीवाश्म आढळत नाहीत. खाणींत सापडतात ते लाव्हाच्या पोकळ्यांत तयार होणाऱ्या झिऑलाइट या खनिजाचे स्फटिक. असे असूनही दक्खनच्या ज्वालामुखींचा काळ ठरवताना सागरी जीवाश्मांचा आधार घेतल्याचे वाचनात येते. लाव्हा वाहत होता तेव्हा येथे समुद्र नव्हता, मग हा संबंध कोठे जुळतो?

प्रतिसाद 1
तो जुळतो आंध्र प्रदेशातील राजमहेंद्रीजवळ, आणि मला याचे फार अप्रूप वाटते, कारण त्र्यंबकेश्वरी उगम पावणारी गोदावरीही तेथूनच पुढे समुद्राला मिळते. तेथे लाव्हाच्या दोन थरांच्या मध्ये समुद्रात साचलेला गाळ सापडतो आणि त्यात फोरॅमिनिफेरा या एकपेशीय जीवांची सूक्ष्म कवचे आहेत. क्रिटेशियस या डायनोसॉरच्या शेवटच्या कालखंडाच्या अखेरीस, म्हणजे 6.6 कोटी वर्षांपूर्वी, त्यांतील पाण्यावर तरंगणाऱ्या बहुतेक जाती नष्ट झाल्या आणि त्यानंतर लवकरच नव्या, अगदी लहान जाती उदयास आल्या. राजमहेंद्रीच्या गाळात या नव्या जाती आहेत. त्यामुळे खालचा लाव्हा त्या गाळाआधीचा आणि वरचा त्यानंतरचा ठरतो. तेथील लाव्हाची रासायनिक घडण महाबळेश्वर परिसरातील वरच्या थरांशी जुळते. इगतपुरी-नाशिककडील थर मात्र त्यांच्या खाली येतात, म्हणून ते त्यांच्याहूनही जुने.

प्रतिसाद 2
वरील उत्तराला एक पुरवणी आवश्यक वाटते. जीवाश्म क्रम सांगतात, वर्षांचा आकडा सांगत नाहीत. तो मिळतो बेसाल्टमधील पोटॅशियमचे आर्गॉनमध्ये किती रूपांतर झाले हे मोजून, किंवा लाव्हाच्या थरांमधील तांबड्या मातीत सापडणाऱ्या झिरकॉन या खनिजाच्या कणांतील युरेनियम व शिसे यांच्या प्रमाणावरून. शिवाय प्रत्येक जीवाश्म कालमापनासाठी सारखाच उपयोगी नसतो. पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांनी लाव्हाच्या थरांमधील वनस्पतींच्या जीवाश्मांवरून हे ज्वालामुखी क्रिटेशियसनंतरच्या तृतीयक कालखंडातील असावेत असे मत मांडले होते. पुढे डायनोसॉरच्या अवशेषांमुळे आणि किरणोत्सारी मापनांमुळे त्यांचा आरंभ क्रिटेशियसच्या अखेरीपर्यंत मागे न्यावा लागला. ज्या जाती अल्पकाळ जगल्या आणि दूरवरच्या समुद्रांत पसरल्या, त्याच खऱ्या अर्थाने काळाच्या निर्देशक ठरतात.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. जुन्या खडकांतील कवचे झिजून नव्या गाळात येऊन पडली, तर निष्कर्ष चुकणार नाही का?

प्रतिसाद 1
चुकू शकतो, आणि म्हणूनच थराचे वय त्यातील सर्वांत अलीकडच्या जातीवरून ठरवतात. जुनी कवचे नव्या गाळात वाहून येऊ शकतात, परंतु जी जाती अद्याप उत्पन्नच झालेली नाही, तिची कवचे त्या गाळात साचणे शक्य नाही. वाहून आलेली कवचे बहुधा झिजलेली वा तुटलेली असतात. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली ती वेगळी काढता येतात.