लॉसचा लाल दिवा लागला तर रीसेट करू नका

फोंड्याच्या घरी जोराचा पाऊस आला की नेट जातं आणि मोडेमवर लाल दिवा लागतो, असं तुम्ही लिहिलंय. तो दिवा ‘लॉस’चा (मोडेमवर LOS लिहिलेला) असेल तर कृपा करून रीसेटचं बटण दाबू नका. लॉस म्हणजे फायबरमधून प्रकाशच पोचत नाही. रीसेटने तो येणार नाही, उलट पीपीपीओईचा, म्हणजे नेट कंपनीशी जोडणी करायचा, युजरनेम-पासवर्ड पुसला जाईल. मी हेच करून दोन दिवस घालवले होते. शेवटी लाइनमनने कपाटामागे करकचून दुमडलेली पिवळी फायबरची वायर दाखवली. एवढ्याशा वळणातूनही प्रकाश गळतो.

आधी तुमच्याकडची ती वायर मोकळी करा, हिरवा कनेक्टर टक्क आवाज येईपर्यंत बसवा. मग मोडेमच्या पाठीवर छापलेला पत्ता (बहुतेक वेळा १९२.१६८.१.१) ब्राउझरमध्ये उघडून ‘आरएक्स पॉवर’, म्हणजे मोडेमपर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, बघा. उणे २८, उणे ३० डीबीएम असं काही दिसलं तर सिग्नल फारच कमी आहे. वायर सरळ करूनही तसंच राहिलं तर दोष बहुधा बाहेर: माडाच्या झावळीने ओढलेली केबल किंवा पाणी शिरलेला जॉइंट. तक्रारीत तो आकडाच लिहा, लाइनमन तयारीने येतो.

आणि विजा कडाडायला लागल्या की प्लग काढाच. फायबर काचेचं असलं तरी अडॅप्टर विजेच्या तारेलाच जोडलेला असतो.