सहा जणांचे कुटुंब, कॅम्पर ट्रेलर आणि फोर-व्हील-ड्राइव्ह : मेलबर्नमध्ये कोणती जुनी गाडी घ्यावी?

प्रश्न

नमस्कार. आम्ही दोघे, दोन मुले आणि दर वर्षी नाशिकहून काही महिने राहायला येणारे आई-बाबा, असे आमचे मेलबर्नमधील कुटुंब आहे. नुकताच आम्ही एक कॅम्पर ट्रेलर (गाडीमागे ओढून न्यायचा, मुक्कामासाठीचा ट्रेलर) घेतला असून सामानासकट त्याचे कमाल वजन (एटीएम) 1,400 किलो आहे. सहा जण बसतील, ट्रेलर ओढता येईल आणि हिवाळ्यात माउंट बुलर या बर्फाच्या डोंगरावर जाता येईल, अशी जुनी गाडी हवी आहे. एरवी ती मुलांची शाळा आणि वाणसामान यांसाठीच वापरली जाईल. फॉर्च्युनर, प्राडो, पजेरो स्पोर्ट आणि क्लुगर ही नावे पुढे आली आहेत. 3,000 किलो ओढण्याची क्षमता वाचून मन प्राडोकडे झुकते आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रतिसाद 1

ओढण्याच्या क्षमतेआधी पेलोडचा, म्हणजे गाडीवर लादता येणाऱ्या वजनाचा, आकडा पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन. गाडीच्या कमाल अनुज्ञेय वजनातून, म्हणजे जीव्हीएममधून, रिकाम्या गाडीचे वजन वजा केल्यावर जे उरते, त्यातच माणसे, सामान, मागाहून बसवलेला टोबार (ट्रेलर जोडण्याचा मागचा दांडा) आणि ट्रेलरचा टोबॉलवर, म्हणजे त्या दांड्यावरच्या गोळ्यावर, पडणारा भार हे सारे सामावावे लागते. हा भार ट्रेलरच्या वजनाच्या साधारण दहा टक्के, म्हणजे आपल्या बाबतीत 140 किलो धरावा. समजा, गाडीचा पेलोड 600 किलो आहे. सहा जणांचे 380, टोबॉलचे 140 आणि टोबारचे 30 किलो वजा जाता हाती 50 किलो उरतात, आणि त्यात सर्वांच्या बॅगा, एस्की (बर्फाची पेटी) व मुलांच्या सायकली बसवायच्या असतात. ओढण्याची क्षमता भरपूर शिल्लक असूनही गाडी अशी ओव्हरलोड होते, आणि अपघात झाल्यास विम्याचा दावा त्यावरून अडू शकतो.

सामान ट्रेलरमध्ये टाकावे, तर तिथेही 1,400 ची मर्यादा आहेच. शिवाय जड वस्तू ट्रेलरच्या मागच्या टोकाला गेल्या, तर टोबॉलवरचा भार घटून ट्रेलर वेगात डोलू लागतो. त्या ॲक्सलजवळ आणि तळाशीच ठेवाव्यात. पहिल्या सहलीआधी सगळी मंडळी बसवून, ट्रेलर जोडून सार्वजनिक वजनकाट्यावर एकदा जाऊन यावेच. ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक असतील, तर ते गाडीतून चालवणारा ब्रेक कंट्रोलरही लागेल. जुन्या गाडीत तो आधीच बसवलेला असल्यास तेवढा खर्च वाचतो.

प्रतिसाद 2

वरील मताशी सहमत आहे. चाकांना शक्ती देण्याच्या पद्धतीबद्दल थोडे लिहितो. फॉर्च्युनरची फोर-व्हील-ड्राइव्ह पार्ट-टाइम, म्हणजे गरजेपुरती जोडायची, आहे. वळणावर पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात, आणि तो फरक सामावून घेणारा मधला डिफरन्शियल तिच्यात नसल्यामुळे कोरड्या डांबरी रस्त्यावर ती फोर-व्हीलमध्ये चालवता येत नाही. प्राडो कायम चारही चाकांवर चालते. पजेरो स्पोर्टच्या सुपर सिलेक्ट नावाची फोर-व्हील यंत्रणा असलेल्या मॉडेलमध्ये डांबरी रस्त्यावरही फोर-व्हील निवडता येते. पावसात, घाटातल्या ओल्या रस्त्यावर ट्रेलर घेऊन जाताना हा फरक चांगलाच जाणवतो.

तरीही आपला वापर पाहता मी क्लुगरची ऑल-व्हील-ड्राइव्ह घेईन. तिची 2,000 किलोंची क्षमता आपल्याला पुरेशी आहे आणि माउंट बुलरचा रस्ता डांबरी आहे. शिवाय ती पेट्रोलवर चालते. उलट रोज शाळेपुरती चार-पाच किलोमीटर धावणाऱ्या डिझेल गाडीचा डीपीएफ (धुरातील काजळी अडवणारा फिल्टर) तापून स्वच्छ होण्याची संधीच मिळत नाही आणि तो तुंबतो. मात्र बर्फाच्या हंगामात बुलरला जाताना टायरच्या साखळ्या सोबत असणे बंधनकारक आहे, गाडी फोर-व्हील असली तरीही.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. पेलोडचा विचार आम्ही केलाच नव्हता. हाय कंट्री या डोंगराळ भागातल्या कच्च्या वाटांवर जायचे ठरले, तर क्लुगर चालेल का? आणि तिसऱ्या रांगेत कोणाला बसवावे?

प्रतिसाद 3

सपाट खडीच्या रस्त्यावर क्लुगर निश्चित चालेल. नदी ओलांडणे, तीव्र चढाच्या खडकाळ वाटा यांसाठी मात्र लो-रेंज (कमी वेगात जास्त जोर देणारे गिअर) आणि अधिक ग्राउंड क्लिअरन्स लागतो, म्हणून तसा बेत खरोखर असेल तरच प्राडो किंवा पजेरो स्पोर्ट पाहावी. तिसऱ्या रांगेत आई-बाबांना बसवू नये. चढता-उतरताना गुडघ्यांना फार त्रास होतो. तिथे मुलांनाच बसवावे, पण ती चाइल्ड सीट वापरण्याच्या वयाची असतील, तर त्या रांगेत टॉप टेदरचे (चाइल्ड सीटचा वरचा पट्टा अडकवण्याचे) हुक आहेत का, हे गाडी पाहायला जाताना स्वतःची सीट सोबत नेऊन तपासावे.