वर्गासाठी स्वतःच्या पगारातून होणारा खर्च कसा आवरावा? (खानापूर तालुका, जि. बेळगाव)

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. पहिली ते पाचवी मिळून 27 विद्यार्थी आणि आम्ही दोघे शिक्षक असून पहिली ते तिसरीचा नली-कलीचा (तिन्ही इयत्ता एकत्र बसवून कृतीतून शिकवण्याच्या पद्धतीचा) वर्ग माझ्याकडे आहे. यजमान बेळगावच्या उद्यमबागेतील एका फाउंड्रीत नोकरीला आहेत, मुलगी सहा वर्षांची आहे आणि अनगोळमधील घराच्या कर्जाचा हप्ता चालू आहे.

11 जून 2023 रोजी कर्नाटकात महिलांना मोफत बसप्रवास देणारी शक्ती योजना सुरू झाली, तेव्हा महिन्याला साधारण दोन हजार रुपये बसभाडे वाचेल आणि ते मुलीच्या नावावर टाकता येईल, असा हिशेब मी मांडला होता. भाडे वाचले, पण मुलीच्या नावावर आजवर एक रुपयाही पडलेला नाही. पैसे जातात कोठे, हे पाहण्यासाठी यंदा जूनपासून मी वही ठेवली. चार महिन्यांत वर्गासाठी माझ्या पर्समधून 5,870 रुपये गेल्याचे त्या वहीत दिसते. कार्डशीट, स्केचपेन, मुलांच्या पेन्सिली आणि वह्या, पंधरा ऑगस्टचे लाडू, स्पर्धांची बक्षिसे अशा त्या नोंदी आहेत. त्यांतील एकही तीनशे रुपयांच्या वर नाही, म्हणूनच तो खर्च कधी खुपला नाही. सर्वांत जास्त रक्कम, म्हणजे मिळून 2,310 रुपये, रंगीत झेरॉक्स आणि लॅमिनेशनला गेली आहे. खडेबाजारात कन्नड आणि इंग्रजी तक्ते हवे तितके मिळतात, परंतु आमच्या पाठांच्या क्रमाला जुळणारी मराठी चित्रकार्डे मला मिळत नाहीत आणि ती मलाच तयार करावी लागतात.

घरच्या बाजूनेही दोन गोष्टी बोचतात. एका सहकाऱ्यांच्या आग्रहावरून, कर वाचेल म्हणून, मी तीन वर्षांपूर्वी एक विमा पॉलिसी घेतली आणि तिचा वार्षिक हप्ता 24,000 रुपये आहे. शिवाय भिशीचे उचललेले 60,000 रुपये एका सौहार्द संस्थेत (सहकारी पतसंस्थेत) ठेवले आहेत, कारण तेथे बँकेपेक्षा व्याज जास्त मिळते. वर्गाचा खर्च शाळेकडे मागणे योग्य ठरेल का, साहित्य स्वस्तात कसे करावे आणि पॉलिसी व ठेव यांचे काय करावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे. मुलांचे काही कमी करून बचत करण्याची माझी इच्छा नाही.

प्रतिसाद (निवृत्त मुख्याध्यापक, निपाणी)

बाई, मागणे योग्यच आहे, फक्त ते योग्य वेळी आणि कागदावर झाले पाहिजे. समग्र शिक्षा अभियानातून शाळेला मिळणारे एकत्रित अनुदान पटावर ठरते. तीस विद्यार्थ्यांपर्यंत 10,000 रुपये, 31 ते 100 पर्यंत 25,000 रुपये असा तो हिशेब आहे आणि त्यातील किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. तुमच्या शाळेच्या 10,000 रुपयांतून दुरुस्ती, रजिस्टर आणि इतर किरकोळ गोष्टी वजा जाता फार उरणार नाही, हे मान्य आहे. तरीही वर्षाच्या सुरुवातीच्या एसडीएमसीच्या (शाळा विकास व देखरेख समितीच्या) बैठकीत नली-कलीच्या साहित्याची यादी ठेवून तिचा ठराव लिहून घ्या, खरेदी मुख्याध्यापकांमार्फत होऊ द्या आणि पक्के बिल शाळेच्या नावावर घ्या. अनुदान येण्याआधी स्वतःच्या पैशांनी आणायचे आणि नंतर साध्या चिठ्ठीवर परत मागायचे, ही सवय तपासणीच्या वेळी फार त्रास देते. मी ती चूक केलेली आहे, म्हणून सांगतो.

लॅमिनेशन पूर्ण बंद करा. लग्नसराईनंतर गावात घरोघरी लग्नपत्रिका पडून असतात आणि त्यांचा जाड कागद कार्डशीटला हार जात नाही. कोऱ्या बाजूवर चित्र काढून वरून रुंद पारदर्शक चिकटपट्टी लावली की ते कार्ड दोन वर्षे सहज टिकते. मोजणीसाठी चिंचोके आणि काजूच्या बिया तुमच्या तालुक्यात विकत घ्याव्या लागू नयेत.

प्रतिसाद (मराठी शाळेतील शिक्षिका, चिक्कोडी तालुका)

रंगीत झेरॉक्सऐवजी मी फक्त बाह्यरेषेची काळी प्रत काढते आणि रंग मुलांनाच भरायला देते. खर्चही वाचतो आणि कार्ड आपले आहे म्हणून मुले ते जपतात. गोष्टींसाठी प्रथम बुक्सचे स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ पाहावे. तेथे मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांतील गोष्टी मोफत उतरवता येतात आणि त्या छापून वापरण्याची मुभा आहे. आमच्यासारख्या शाळेत, जेथे मूल घरी मराठी आणि बाजारात कन्नड ऐकते, तेथे एकच गोष्ट दोन्ही भाषांत मिळाली तर एका छपाईत दोन तास भागतात. मोठ्या तक्त्यांसाठी मी गणेशोत्सवानंतर मंडळाकडून जुने फ्लेक्स मागून आणते. त्यांच्या पांढऱ्या पाठीवर पर्मनंट मार्करने लिहिलेली बाराखडी पावसाळ्यातही भिंतीवर टिकते.

प्रतिसाद (बँक कर्मचारी, बेळगाव)

ताई, पॉलिसीबद्दल आधी एक तपासा. तुम्ही नव्या करप्रणालीत असाल, तर विम्याच्या हप्त्याची वजावट तेथे मिळतच नाही. 2025-26 या वर्षासाठी पगारदाराला प्रमाणित वजावटीसह 12,75,000 रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर त्या प्रणालीत कर लागत नाही, म्हणजे वाचवायला करच उरत नाही. तुमच्या पगारातून केजीआयडीचा (राज्य सरकारच्या कर्मचारी विम्याचा) हप्ता आधीच कापला जात असेल, म्हणजे विमाही आहेच. मात्र रागाच्या भरात पॉलिसी मोडू नका. आता मोडल्यास किती रक्कम मिळेल आणि हप्ते थांबवून पेड-अप केल्यास (म्हणजे पुढे न भरता कमी रकमेवर चालू ठेवल्यास) मुदतीअखेर किती मिळेल, हे दोन्ही आकडे लेखी मागवा आणि मग ठरवा.

सौहार्द संस्थेतील ठेवीची बाब अधिक महत्त्वाची आहे. बँकेतील ठेवीला पाच लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण असते आणि ते सहकारी बँकांनाही लागू आहे. पतसंस्था आणि सौहार्द पतसंस्था यांना ते लागू नाही. संस्था चांगली असेलही, पण दीड-दोन टक्के जास्तीच्या व्याजासाठी तुम्ही कोणती जोखीम पत्करता आहात, हे ठाऊक असावे. मुदत संपताच ती रक्कम हलवावी, असे माझे मत आहे.

मुलगी दहा वर्षांच्या आतील असल्याने पोस्टात सुकन्या समृद्धी खाते उघडता येईल. जानेवारी 2024 मध्ये त्याचा व्याजदर 8.2 टक्के झाला. सरकार दर तिमाहीला तो ठरवते. वर्षाला किमान 250 रुपये भरले तरी खाते चालू राहते. वाचलेले बसभाडे पगाराच्या दिवशीच तेथे भरा. महिनाअखेर उरेल ते भरू म्हटले, तर तुमच्या वहीतील नोंदीच वाढतील.

धागाकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. मी नव्या करप्रणालीतच आहे, हे आज पगारपत्रक काढून पाहिल्यावर कळले. तीन वर्षे हप्ते भरून झाल्यावर! पॉलिसीचे दोन्ही आकडे मागवण्यासाठी अर्ज लिहिला आहे आणि सौहार्दमधील ठेवीची मुदत जानेवारीत संपते. मुख्याध्यापकांशीही बोलले, साहित्याची यादी पुढच्या बैठकीत ठेवायला ते तयार आहेत. जुन्या फ्लेक्सबद्दल एक विचारायचे राहिले: छापील बाजूवर पुढाऱ्यांचे फोटो असतात, तेव्हा तो भिंतीला पूर्ण चिकटवून टाकता का, की मागे कापड शिवता?