मदत हवी आहे: मीटर रूममधला न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) गरम होतोय, रात्री व्होल्टेज उड्या मारतं

नमस्कार मंडळी, आमची सोसायटी १९९४ ची, चार मजली, १६ फ्लॅट. गेल्या महिनाभरात तीन जणांचे टीव्ही आणि एका काकूंचा फ्रिज गेला. संध्याकाळी मल्टीमीटर लावला तर आमच्याकडे १८५ आणि त्याच वेळी समोरच्यांकडे २७० व्होल्ट! काल वायरमनने मेन पॅनल उघडलं तर न्यूट्रलचा लग (वायरच्या टोकाला बसवलेला धातूचा जोड) काळा पडलेला, इन्सुलेशन वितळून चिकटलेलं, जळका वास अजून येतोय. त्याने लग बदलून घट्ट केला, आज व्होल्टेज बरं आहे पण मला धास्ती वाटतेय, कारण वर म्हातारी माणसं राहतात.

आमची मेन केबल साडेतीन कोअरची आहे, म्हणजे तीन फेजच्या पूर्ण वायरी आणि न्यूट्रल त्यांच्या साधारण निम्म्या साइजचा. तेव्हा पंखे-बल्ब होते, चाललं. आता घरोघरी एलईडी, कॉम्प्युटर, इन्व्हर्टर एसी, यांचे तिसरे हार्मोनिक (मूळ ५० हर्ट्झच्या तिप्पट वारंवारतेचे करंट) तिन्ही फेजचे न्यूट्रलमध्ये एकमेकांना कापत नाहीत तर बेरीज होतात, म्हणून फेज बॅलन्स करूनही (तिन्ही फेजवर लोड सारखा वाटूनही) न्यूट्रल तापतो असं वाचलं. बरोबर आहे का हे?

चार कोअरची फुल न्यूट्रल केबल टाकायची तर खर्च मोठा, मीटिंगमध्ये पटवायला आकडे लागतील. आठवडाभर पॉवर क्वालिटी अ‍ॅनालायझर भाड्याने लावून न्यूट्रलचा करंट मोजलाय का कोणी? पुण्यात भाडं साधारण किती? आणि तोवर प्रत्येक फ्लॅटला ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवला तर पुरेल का? अनुभव असेल तर प्लीज सविस्तर सांगा.